हातात कटर, पोटाचा धंदा दुसरा

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाली मंडणगड-दापोलीच्या पट्ट्यात आंबा, फणस, नारळ, पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. मोठ्या रस्त्यांवर एनडीआरएफची पथकं आली, जेसीबी आले. पण गावातली पाखाडी, वाडीतली वाट, विहिरीकडे उतरणारी पायवाट आणि कौलांवर कोसळलेला फणस ज्यांनी कापून बाजूला केला, त्यातल्या बहुतेकांचा धंदा झाडं कापणं हा नव्हता. कुणी वायरमन होता, कुणी गॅरेज चालवणारा, कुणी सुतार, कुणी आंबा बागायतदार, कुणी रिक्षावाला. घरात लाकूड कापायचं एक कटर होतं, ते वापरायची सवय आणि आवड होती, म्हणून ते बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेलं तेव्हाही हेच झालं.

कोकणात चेनसॉला चेनसॉ क्वचितच म्हणतात. गवत कापायचं तेही कटर, लाकूड कापायचं तेही कटर. फारच फरक करायचा असेल तर वुडकटर, नाहीतर नुसतं मशीन. ते बाळगणारा हौशी माणूस रविवारी घरचं जळण तोडतो, शेजाऱ्याची फांदी उतरवतो, पावसाआधी दोन-चार कामं घेतो. बाकी सहा दिवस तो दुसरंच काहीतरी करतो. वादळ आलं की हाच माणूस आपल्या आपत्ती व्यवस्थापनाचा शेवटचा दुवा ठरतो, आणि सरकारच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नसतं.

या माणसाला परवान्याच्या कागदात अडकवू नये. पण शिकवल्यावाचून आणि विम्यावाचून त्याला पडलेल्या झाडांत पाठवणंही थांबलं पाहिजे. आणि शिकवायचं तर तो पोटासाठी काय करतो, इथून सुरुवात झाली पाहिजे. मशीन धरण्याच्या त्याच्या सवयी मूळ धंद्यातून आलेल्या असतात. त्या सवयींनीच तो निम्मं काम बिनचूक करतो, आणि त्याच सवयींपायी जखमी होतो.

वायरमनचं उदाहरण घ्या. आयटीआयची दोन वर्षं आणि पुढचा अनुभव त्याला एक गोष्ट पक्की शिकवतो: लाइन बंद आहे असं कुणी सांगितलं म्हणून ती बंद नसते. फिडर बंद केल्याचं परमिट हातात हवं, टेस्टरने तपासायला हवं, आणि काम चालू असेपर्यंत दोन्ही बाजूंना अर्थिंग करून ठेवायला हवं. गावात कुणी चेंजओव्हर स्विच न लावता जनरेटर जोडला असेल तर मेलेल्या लाइनीत उलटा करंट येतो, हे त्याला माहीत असतं आणि बाकी कुणाला सहसा माहीत नसतं. म्हणून तारांवर पडलेल्या झाडाजवळ पहिलं पाऊल त्याचंच पडायला हवं. पण फांदीखाली दबलेली तार म्हणजे ताणलेली स्प्रिंग आहे, हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. फांदी कापली की तार उसळते, फांदीचा तुकडा फेकते आणि वाकलेला खांब झटक्याने परत येतो. दुसरी गोष्ट शिडीची. खांबाला शिडी लावून काम करणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं, तसाच तो कटर घेऊन शिडीवर चढतो. शिडी फांदीला टेकलेली असते. फांदीचं ओझं उतरलं की ती वर उचलली जाते आणि शिडीचा टेका सुटतो. शिडीवरून कटर चालवायचं नाही, हा नियम त्याला सर्वांत आधी आणि सर्वांत ठामपणे सांगायला हवा.

गॅरेजवाल्याचं मशीन नेहमी पहिल्या ओढीला चालू होतं. कार्ब्युरेटरच्या दोन सुया, एक कमी फेऱ्यांची आणि एक जास्त फेऱ्यांची, तो कानाने लावतो. धोका तिथेच आहे. जास्त फेऱ्यांची सुई आत घेतली की मशीन मोकळं ओरडतं, जोरात चाललंय असं वाटतं; खरं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडलेलं असतं आणि त्याच्याबरोबर ऑइलही. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पंधरा-वीस मिनिटांच्या भारी कापात पिस्टनवर ओरखडे उठतात आणि मशीन जाम होतं. पूर्ण थ्रॉटलवर, भार नसताना, मशीनचा आवाज किंचित घोगरा आणि तुटक यायला हवा; कापायला लागल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. गॅरेजवाल्याची दुसरी समजूत अशी की ताकद वाढवली की काम सोपं होतं. म्हणून तो ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) मशीन घेतो. आपल्याकडची बहुतेक कामं १६ किंवा १८ इंची पट्टीत होतात. पट्टी जितकी लांब तितकं तिचं टोक डोळ्यांपासून दूर, आणि कटरचा सर्वांत घातक भाग ते टोकच आहे.

पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला, कुंपणाच्या तारेला किंवा पानांआड लपलेल्या दुसऱ्या फांदीला लागला की मशीन उलटून कापणाऱ्याच्या तोंडाकडे आणि खांद्याकडे येतं. माणूस सावध होईपर्यंत ते घडून गेलेलं असतं. त्याला अडवणाऱ्या गोष्टी तीनच: डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून गच्च वळवलेला असणं, पुढचा ब्रेक नीट लागत असणं आणि डोकं पट्टीच्या रेषेत नसणं. ब्रेक रोज काम सुरू करण्याआधी तपासायचा. मशीन जमिनीवर ठेवून, दोन्ही हातांनी धरून, थोडा थ्रॉटल देऊन मनगटाने पुढचा दांडा ढकलायचा; चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. भुसा आणि ऑइलचा चिखल ब्रेकच्या पट्ट्यात साचला की ब्रेक लागतो पण चेन घसरत राहते. मशीन नेहमी साफ करणाऱ्याकडे हा दोष सहसा आढळत नाही.

सुतार आणि सॉमिलवाले लाकडाची रेषा ओळखतात, गाठ कुठे आहे ते सालीवरून सांगतात. पण त्यांच्या हातातलं लाकूड मेलेलं असतं, टेबलावर दोन्ही बाजूंनी टेकलेलं असतं. पडलेल्या झाडातलं लाकूड टेकलेलं दिसतं तिथे लोंबकळत असतं आणि लोंबकळताना दिसतं तिथे दाबलेलं असतं. सुताराला दाब आणि ताण हे दोन शब्द पुन्हा शिकावे लागतात, त्याविषयी पुढे.

बागायतदार झाड ओळखतो. भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागलेल्या हापूसच्या बुंध्यात पोकळी कुठवर गेली असेल, याचा अंदाज त्याला खोडातून पडलेल्या भुश्यावरून येतो. जुन्या बागेचं पुनरुज्जीवन करताना जाड फांदी एकाच कापात उतरवायची नाही, हेही त्याला ठाऊक असतं: आधी बुंध्यापासून हातभर दूर खालून चतकोर काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, आणि उरलेला खुंट शेवटी नीट. नाहीतर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलत नेते. कापाच्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. एवढं सगळं जाणणारा हा माणूस मशीनकडे मात्र कोयत्यासारखं बघतो: वापरलं, खुंटीला टांगलं. चेनला शेवटची कानस कधी लावली, ते त्याला आठवत नाही.

पाडेल्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं. माडावर चढणारा माणूस पायात फास अडकवून वीस मीटर वर जातो, एका हाताने झावळ धरतो आणि दुसऱ्या हाताने कोयता मारतो. उंचीची भीती गेलेली आणि एक हात नेहमी मोकळा, अशी त्याची घडण. हा माणूस कटर घेऊन वर चढला की ते एका हातानेच चालवणार. कटर एका हाताने चालवणं म्हणजे मशीन उलटल्यावर अडवायला काहीच नसणं. वर चढून कटर चालवायचं असेल तर कंबरपट्टा हवा, दोन स्वतंत्र बांधण्या हव्यात आणि त्यातली एक पोलादी गाभ्याची हवी, कारण साधा दोर चेनला निसटता लागला तरी तुटतो. हे साहित्य आणि ते वापरायचा सराव नसेल तर पाडेल्याने कटर वर नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. तिरक्या झालेल्या माडाच्या शेंड्याखाली दोर नेमक्या जागी बांधून येणं हे त्या दिवशीचं सर्वांत मोलाचं काम असतं, आणि ते वाडीत दुसऱ्या कुणालाही जमत नाही.

होडीवर काम करणाऱ्यांना तर टू-स्ट्रोक इंजिन आणि गाठी दोन्ही शिकवायची गरजच नसते. त्यांना फक्त झाड शिकवायचं.

आता झाडाकडे वळू. उभं झाड पाडायची रीत कुठल्याही मशीनच्या पुस्तिकेत सापडते. पडायच्या दिशेला खाच, बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खोल. मग मागून काप. आणि दोन्हींच्या मध्ये लाकडाची न कापलेली पट्टी, बिजागरीसारखी, जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी. म्हणजे ४० सेंटिमीटरच्या बुंध्याला ८ ते १० सेंटिमीटरची खाच आणि ४ सेंटिमीटरची बिजागरी. झाड ही बिजागरीच फिरवते. ती पूर्ण कापून टाकली की झाड कुठेही जाईल. पळायची वाट आधी मोकळी करून ठेवायची, पडण्याच्या उलट दिशेला पण तिरकी, सरळ मागे नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको.

हे नियम आंब्याला, ऐनाला, सागाला चालतात. माडाला जसेच्या तसे चालत नाहीत. माडाला वर्षवलयं नसतात. बाहेरचा थर कठीण, गाभा मऊ आणि धागे उभे. त्यामुळे बिजागरी धरून राहत नाही, अवचित फाटते किंवा धागे सोलत जाते. म्हणून माड दिशेला आणायचा तो दोराने. शेंड्याखाली बांधलेला दोर, ओढणारी माणसं माडाच्या उंचीहून लांब उभी, आणि ओढ लागल्यावरच मागचा काप. माडाचे धागे चेनबरोबर आत जाऊन दातेरी चाकाभोवती गुंडाळतात, तेव्हा दर दोन-तीन झाडांनी झाकण उघडून साफ करावं लागतं. किनाऱ्यावरच्या माडाच्या सालीत वाळू असते. वाळूतून एकदा चेन गेली की धार गेली.

वादळात पडलेलं झाड ही तिसरीच गोष्ट, आणि हौशी माणूस जखमी होतो तो बहुतेक इथेच. दोन दगडांवर टेकलेला ओंडका मध्ये वाकलेला असेल तर त्याची वरची बाजू दाबात असते आणि खालची ताणात. वरून कापत गेलं की काप मिटतो आणि पट्टी चिमटीत सापडते. एका टोकाला टेकून दुसरं टोक अधांतरी असेल तर उलट: वर ताण, खाली दाब. नियम एकच. आधी दाबाच्या बाजूने साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूने त्याला भेटायचं, आणि उभं राहायचं ते ओंडका उसळेल त्या बाजूला नाही. धनुष्यासारखी वाकलेली फांदी किंवा मोठ्या झाडाखाली दबलेलं कोवळं झाड याला एका कापात तोडायचं नसतं. आतल्या बाजूने थोडं थोडं खरवडून ताण सोडवायचा. पट्टी अडकली तर मशीन आधी बंद करायचं, मग पाचर ठोकायची. चालू मशीन हिसकून काढणाऱ्याचा डावा पाय नेमका चेनच्या वाटेत असतो.

मुळासकट उपटलेल्या झाडाबद्दल एक इशारा सगळ्या गावाला द्यायला हवा, फक्त कापणाऱ्याला नाही. उभा राहिलेला मुळांचा गड्डा खोडाच्या वजनाने तोललेला असतो. खोड कापलं की वजन जातं आणि गड्डा मागे खड्ड्यात बसतो, क्षणात, काही टनांचा. त्या खड्ड्यात पोरं खेळायला उतरलेली असतात, कुणी नळाचा पाइप शोधत असतो. गड्डा जेसीबीच्या बकेटने किंवा साखळीने अडवल्याशिवाय खोडाला कटर लावू नये, आणि कापण्याआधी एका माणसाने खड्ड्यात डोकावून यावं. घाई मात्र फार असते, कारण घरमालकाला रस्ता हवा असतो. बागेच्या नुकसानीचा पंचनामा झालेला नसेल तर तलाठी येईपर्यंत थांबायचं की फोटो काढून कापायचं, यावरून दारात वाद चालू असतो. या गडबडीत कापणाऱ्याला विचार करायला पाच मिनिटं मिळत नाहीत. तहसील कार्यालयाने वादळाआधीच जाहीर करावं की रस्ता अडवणाऱ्या झाडासाठी चारही बाजूंचे फोटो पुरेसे आहेत. निम्मा ताण तिथेच उतरेल.

आता धारेकडे. बोथट चेन हे अपघाताचं सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. चेन धारदार असेल तर लाकडाच्या चकत्या पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबायचं. बोथट चेन कापत नाही म्हणून माणूस दाब देतो, दाब दिला की काप संपताना तोल पुढे जातो. काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात दुसऱ्यांहून लांब राहिलेत. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना कानस लावावी, दर दाताला दोन-तीन घासे, फक्त पुढे ढकलत, सगळ्यांना सारखे, ३० अंशांच्या आसपासच्या कोनात. छोट्या मशीनच्या बारीक ३/८ इंची चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ इंची चेनला ४.८ मिलिमीटरची. दातापुढचा बुटका खुंट दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. चार-पाच वेळा धार लावल्यावर तो सपाट कानशीने उतरवावा लागतो. इथे हौशी माणूस दोनपैकी एक चूक करतो: खुंटाला कधी हातच लावत नाही, आणि धार असूनही चेन घसरते, किंवा जोरात कापायला हवं म्हणून खुंट फार उतरवतो, आणि चेन लाकडात अडकून मशीन हिसके देऊ लागतं. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट.

चेनला लागणाऱ्या ऑइलच्या टाकीत गाडीचं काळं, वापरलेलं ऑइल घालायची पद्धत सर्रास आहे. ती सोडून द्यावी. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, तो पट्टीची खाच आणि ऑइल पंप खातो. ते पातळ झालेलं असतं म्हणून चेनवरून उडून जातं. आणि उडतं ते कापणाऱ्याच्या कातडीवर, श्वासात आणि बागेच्या मातीत. वापरलेल्या इंजिन ऑइलमधली काही द्रव्यं कर्करोगाला कारण होतात. नवं ४० नंबरचं ऑइल घातलं तरी चालतं. पट्टीचं टोक स्वच्छ बुंध्यासमोर धरून मशीन फिरवलं की ऑइलचा बारीक शिडकावा दिसला पाहिजे.

पेट्रोलचा प्रश्न मात्र नवा आहे आणि तो सार्वजनिक आहे. देशभर पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. गाड्यांबद्दल खूप चर्चा झाली. कटर, ग्रासकटर, फवारणी पंप यांच्या छोट्या इंजिनांबद्दल जवळजवळ कुणीच बोललं नाही. यातल्या अनेक मशीनच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. कोकणातल्या जुलैत अर्धी भरलेली टाकी ठेवली की पाणी आणि इथेनॉलचा थर तळाला वेगळा होतो, आणि टाकीतली नळी नेमकं तेच ओढते. त्या थरात वंगणाचं टू-टी ऑइल नसतं. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा आणि इंधनाची नळी फुगते, मग कडक होते. इथेनॉलमुळे मिश्रण आणखी विरळही होतं, म्हणजे वर सांगितलेला जाम पिस्टनचा धोका वाढतो. उपाय असे: लागेल तेवढंच, जास्तीत जास्त महिनाभर पुरेल इतकंच मिश्रण करायचं; काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच, कुठे लिटरला २० मिलिलिटर, कुठे ४०. पण हा उपाय बागायतदारावर सोडून सरकारला मोकळं होता येणार नाही. किमान तालुक्याच्या एखाद्या पंपावर छोट्या इंजिनांसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल मिळायला हवं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी दहा कटरांपैकी किती चालू होतील, हे त्यावरही ठरतं.

अंगावरच्या कपड्यांबद्दल गरमीचं कारण दिलं जातं आणि ते खोटं नाही. मे महिन्यात जाड पँट घालून उभं राहणं कठीण. पण कटरच्या संरक्षक पँटीचं तत्त्व समजून घ्यावं. ती चेनला कापू न देण्यासाठी बनवलेली नसते. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते बाहेर ओढले जातात, दातेरी चाकात गुंततात आणि मशीन थांबतं. पहिल्या दर्जाची पँट सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर तपासलेली असते, शून्य दर्जाची १६ मीटरवर. फक्त पुढून संरक्षण देणारी, मागे पट्ट्यांनी बांधायची चॅप्स मिळते. तिच्यात वारा खेळतो आणि पायाच्या बहुतेक जखमा होतात तो मांडीचा व गुडघ्याचा पुढचा भाग झाकला जातो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मशीनच्या मानाने ती महाग असते, म्हणून माणूस ती घेत नाही. तेव्हा ती ग्रामपंचायतीने घ्यावी. चॅप्सचे दोन संच, जाळीचा चष्मा आणि कानटोप असलेली दोन हेल्मेटं, पोलादी टोकाचे दोन जोड गमबूट. एका गावाला एवढं पुरतं. कानाचं संरक्षण चैन नाही. कटरचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. आणि कंपनाचं काय होतं ते जपानच्या जंगल कामगारांवर दिसलं: बोटांतला रक्तपुरवठा आखडून ती पांढरी पडू लागली, आणि तिथे रोजच्या कटर वापरावर दोन तासांची मर्यादा आली. आपल्याकडे वादळानंतर माणूस सलग दहा तास कापतो.

यामागे मोबदल्याची पद्धतही आहे. झाड उक्त्यावर ठरतं: एवढा आंबा, एवढे पैसे. उक्त्यात जो थांबून विचार करतो, धार लावतो, गड्डा अडवायला जेसीबीची वाट बघतो, तो तोट्यात जातो. वादळातल्या सार्वजनिक कामाला रोजंदारीच हवी, आणि तीही कापणारा, दोर धरणारा आणि नजर ठेवणारा अशा तिघांची. एकट्याने कटर चालवू नये हा नियम पैशाच्या हिशेबात बसला तरच पाळला जाईल.

जखम झाली तर काय, याचं उत्तर आज फार वाईट आहे. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर हातात मोजकी मिनिटं असतात, आणि १०८ ची रुग्णवाहिका ज्या रस्त्यावरून यायची तोच रस्ता तो मोकळा करत असतो. कापणाऱ्याच्या खिशात दाबपट्टी आणि करकचून बांधायचा पट्टा हवा, आणि दोर धरणाऱ्याला तो बांधता यायला हवा. विम्याचं म्हणाल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख देतो, एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजनाही याच धर्तीची आहे. कटरची नेहमीची जखम यात बसत नाही. डाव्या हाताची दोन बोटं गेली, गुडघ्याचा स्नायू तुटून चार महिने घरी बसावं लागलं, तर एक रुपयाही मिळत नाही. वायरमनची दोन बोटं म्हणजे त्याचा मूळ धंदा. सरकारी कामासाठी बोलावलेल्या माणसाला त्या दिवसांपुरतं उपचाराचं आणि बुडालेल्या मजुरीचं संरक्षण जिल्हा प्रशासनाने द्यायला हवं. तो हे काम आवडीने करतो, म्हणून त्याची जोखीम फुकटात घेता येणार नाही.

परवाना का नको, हा प्रश्न रास्त आहे. फिलिपिन्सने २००२ मध्ये कायदा करून कटर बाळगण्यावर परवाना आणला, पण त्याचा रोख चोरट्या जंगलतोडीवर होता. आपल्याकडे झाड तोडायला परवानगी लागण्याची तरतूद १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आहेच, शहरांसाठी १९७५ चा कायदा आहे. चोरटी तोड थांबवायची तर लाकडावर आणि ट्रकवर नजर हवी. यंत्रावर परवाना आणला तर चोरटा विनापरवाना कापेल आणि वायरमन आपलं कटर पोटमाळ्यावर लपवून ठेवेल, नेमकं वादळाच्या दिवशी. जर्मनीतली रीत जास्त शहाणपणाची आहे. तिथे शिक्षक, कारकून, दुकानदार असे पुष्कळ लोक हौसेने स्वतःचं जळण कापतात. यंत्र विकत घ्यायला कुणी अडवत नाही, पण सार्वजनिक जंगलात जाऊन पडलेलं लाकूड कापायचं असेल तर बहुतेक ठिकाणी कटरच्या कोर्सचा दाखला मागतात. कोर्स साधारण दोन दिवसांचा असतो. सार्वजनिक जागेत कापणार असाल तर शिकून या, एवढाच तो सौदा.

आपल्याला तीन दिवस लागतील, कारण तिसरा दिवस पडलेल्या झाडांचा आणि माडाचा हवा. पहिल्या दिवशी मशीन, धार, ब्रेक, इंधन. दुसऱ्या दिवशी जमिनीवर रचलेल्या ओंडक्यांवर दाब आणि ताण, मग एक-दोन उभी झाडं. जागा आहेत: तालुक्याच्या आयटीआय, वनखात्याचे लाकूड डेपो, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय. पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, तिच्याकडे प्रशिक्षक आहेत. आपत्तीत मदत करणाऱ्यांसाठीच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण दिलं जातं; त्या यादीत कटरवाल्यांची वेगळी तुकडी करायला नवा कायदा लागत नाही. जिथे यंत्र अनुदानातून मिळेल तिथे हे तीन दिवस पूर्ण केल्याशिवाय अनुदान सुटू नये.

लोक तीन दिवस रोज बुडवून येणार नाहीत, अशी शंका घेतली जाते. रोज दिला तर येतील. शिवाय शेवटी चॅप्स आणि कानशीचा संच घरी न्यायला मिळाला तर वर्गात जागा उरणार नाही. कटर बाळगणाऱ्याला त्याबद्दल शिकायची भूक असते.

तहसील कार्यालयातल्या यादीत नाव, फोन, गाव, पट्टीची लांबी, प्रशिक्षणाची तारीख आणि रक्तगट असावा. त्याशिवाय एक रकाना हमखास हवा: मूळ धंदा. वाडीतून फोन आला की तिघांची जोडणी त्या रकान्यावरून करता येते. तारांवर आंबा पडला असेल तर एक वायरमन आणि एक बागायतदार, माड घरावर झुकला असेल तर पाडेली आणि दोर धरायला होडीवरचे दोघे, मशीनच बंद पडलं असेल तर गॅरेजवाला. ही यादी दरवर्षी एप्रिलअखेर तयार असली पाहिजे. तौक्ते सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ आलं तेव्हा १६ मे उजाडला होता, पावसाळापूर्व बैठकांचा मोसम अजून संपायचा होता.